‘सध्या काय ऐकतेस?’ याचं खरं उत्तर

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: नाशिकच्या, बँकेत नोकरी करणाऱ्या, शेहेचाळीस वर्षांच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. कॉलेजच्या जुन्या मित्रमैत्रिणींचा त्यांचा एक ग्रुप आहे. दर रविवारी प्रत्येकाने आपला एक आवडता रॉक अल्बम सांगायचा आणि सध्या काय ऐकणं चालू आहे ते लिहायचं, असा तिथला रिवाज. सुरुवातीला ताईंना मजा आली. मग लक्षात आलं की आपलं ऐकणं अजूनही त्याच दहा-बारा अल्बमांभोवती फिरतंय, आणि तेही पुण्यात हॉस्टेलवर राहणाऱ्या दादाने भरून दिलेल्या कॅसेट्समुळे आवडायला लागलेले. स्वतःचे पैसे साठवून त्यांनी तेव्हा एकच कॅसेट घेतली होती, कॅनेडियन रॉक गायक ब्रायन अ‍ॅडम्सची. ग्रुपवर ते नाव घ्यायला त्यांना लाज वाटते. म्हणून त्या वर्षअखेरीच्या ‘सर्वोत्तम अल्बम’ याद्या पाहून, न ऐकलेली नावं टाकू लागल्या. एका रविवारी त्यांनी ‘फॉन्टेन्स डी.सी.’ या आयरिश बँडचा अल्बम लिहिला आणि एका मित्राने साधेपणाने विचारलं, “त्यातलं कुठलं गाणं आवडलं?” त्यांना उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून ग्रुप म्यूटवर आहे. त्या विचारतात: मला माझी स्वतःची आवड आहे की नाही? नवीन ऐकण्याची सवय जबरदस्तीने लावून घ्यावी का? की ग्रुप सोडून द्यावा?

ताई, नमस्कार.

त्या रविवारी झालेल्या फजितीने तुमच्या पत्राची सगळ्यात जास्त जागा घेतली आहे. मला मात्र तुम्ही जाता जाता लिहिलेलं एक वाक्य सोडवत नाहीये. तुम्ही लिहिलंय, “पिंक फ्लॉइडचा ‘विश यू वेअर हिअर’ संपला की अजूनही मला वाटतं, आता कॅसेट उलटायची आणि ‘हायवे स्टार’ सुरू होणार.”

नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. १९७५ चा ‘विश यू वेअर हिअर’ साधारण चव्वेचाळीस मिनिटांचा आहे, म्हणजे शेवटी मिनिटभराची खरखर सोडली तर ए साइडला चपखल बसणारा. दुसऱ्या बाजूला दादांनी डीप पर्पलचा १९७२ चा, ‘हायवे स्टार’ने सुरू होणारा ‘मशीन हेड’ भरला, जो चाळीस मिनिटांच्या आतच संपतो. एरवी हे दोन अल्बम एका दमात कोणी सांगत नाही. एकाचा शेवट हळूहळू विरत जाणारा. दुसऱ्याची सुरुवात खालच्या पट्टीत धडधडत, वाढत जाणारी आणि मग एकदम किंकाळी फोडणारी. त्यांना शेजारी आणलं ते टेपच्या लांबीने आणि तुमच्या दादांनी, पण ते शेजारपण तीस वर्षं सांभाळलंय तुम्ही. हे वाक्य तुम्ही ग्रुपवर कधी लिहिलंत का? मला खात्री आहे, लिहिलं नसणार. तिथे तुम्ही फक्त अल्बमचं नाव आणि साल टाकलं असेल.

आवड स्वतःची की उसनी, हा प्रश्न तुम्हाला फार छळतोय. पण पहिलं संगीत स्वतः निवडून ऐकलेला माणूस तुम्हाला माहीत आहे का? कुणाच्या घरी आजोबांचा रेडिओ, कुणाच्या शेजारी रेकॉर्ड प्लेअर, कुणाचा मामा मुंबईला काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून कॅसेट आणणारा. नव्वदीच्या सुरुवातीला केबल आली आणि एमटीव्ही दिसू लागला, तोवर लहान गावांत रॉक पोचायचं ते असंच, हातोहात. दादांनी तुम्हाला किती कॅसेट्स भरून दिल्या ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण टिकून राहिलेले दहा-बारा अल्बम तुम्ही नावानिशी लिहिले आहेत. बाकीच्यांचं काय झालं? ते तुम्ही सोडून दिलेत. कुणी सांगितलं नव्हतं सोडायला. दादांनी दिलेल्यातून काय ठेवायचं हे तुमच्या कानांनी ठरवलं आणि आवड म्हणतात ती हीच.

आता ब्रायन अ‍ॅडम्स. यावर मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण ही लाज तुमच्या एकटीची नाही. आपल्या पिढीतल्या कितीतरी जणांच्या मनात ‘सांगायचे’ अल्बम आणि ‘ऐकायचे’ अल्बम अशा दोन याद्या आहेत. सांगायच्या यादीत फ्लॉइड, झेपलिन, रेडिओहेड. ऐकायच्या यादीत ब्रायन अ‍ॅडम्स, बॉन जोव्ही, मायकल लर्न्स टू रॉक.

तुम्ही घेतलेली कॅसेट ‘वेकिंग अप द नेबर्स’ची. १९९१ चा अल्बम, पंधरा गाणी, जवळजवळ सव्वा तास. त्यातलं एक गाणं ब्रिटनमध्ये सलग सोळा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. या अल्बमचा निर्माता, म्हणजे रेकॉर्डिंगचा सूत्रधार, ‘मट’ लँग. आता तुमच्या ग्रुपमधल्या एखाद्या जुन्या मित्राने आवडत्यांत एसी/डीसीचा १९८० चा ‘बॅक इन ब्लॅक’ नक्की लिहिलेला असेल. त्याचाही निर्माता हाच लँग. डेफ लेपर्डचा १९८७ चा ‘हिस्टेरिया’, तोही त्याचाच. हे तीन अल्बम एकापाठोपाठ लावून बघा. ड्रमचा ठोका कसा मोकळ्या मैदानात पडल्यासारखा येतो, ध्रुवपदात एका आवाजाचे अनेक आवाज कसे थरावर थर चढवलेले असतात, गिटार गायकाला जागा देऊन नेमक्या क्षणी कशी पुढे येते, ते ऐका. एका माणसाची सही तुम्हाला तिन्हीकडे दिसेल. मग एक अल्बम मानाचा आणि दुसरा लाजेचा, ही विभागणी कशावरून झाली? बऱ्याच अंशी यावरून की एक मुलांच्या हॉस्टेलात वाजायचा आणि दुसरा मुलींच्याही घरी. तुम्ही स्त्री आहात म्हणून ही तपासणी तुमच्या वाट्याला जरा जास्तच आली असणार, असंही मला वाटतं. तुम्ही तसं लिहिलेलं नाही; पण “नाव घेतलं की हसतील” हे तुम्ही इतक्या खात्रीने लिहिता की कधीतरी कुणीतरी हसलं असावं.

पैसे साठवून घेतलेली एकुलती एक कॅसेट ही तुमच्याकडची सगळ्यात सांगण्याजोगी गोष्ट आहे. कधी घेतली, किती दिवस पैसे साठवले, घरी आणल्यावर पहिल्यांदा कुठलं गाणं पुन्हा मागे फिरवून ऐकलंत, हे वाचायला मला आवडेल. तुमच्या मित्रांनाही आवडेल. आणि कोणी हसलंच तर लँगचं नाव आहेच तुमच्याकडे.

तुमचा दुसरा प्रश्न नवीन ऐकण्याच्या जबरदस्तीचा. किशोरवयातल्या आणि विशीतल्या आठवणी पुढे आयुष्यभर जास्त ठळक राहतात, हे मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ वेळा नोंदवलं आहे. तेव्हाचं संगीत त्यामुळेच घट्ट चिकटून बसतं. त्यात कमीपणा काही नाही. मला शंका येते ती ‘सध्या ऐकतेय’ म्हणजे ‘यंदा निघालेलं ऐकतेय’ या तुमच्या समजाबद्दल. हा नियम ग्रुपने केला आहे का? तुमच्या पत्रात तरी तसं काही नाही. तुम्हीच तो स्वतःवर लादून घेतलाय आणि मग तो पाळता येईना म्हणून न ऐकलेली नावं लिहिलीत.

जुना अल्बमसुद्धा नव्याने ऐकता येतो. तुमच्या यादीत लेड झेपलिनचा १९७१ चा चौथा अल्बम आहे. त्यातलं शेवटचं, सात मिनिटांचं गाणं ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ आज रात्री लावा आणि पहिली दोन मिनिटं गिटार, आवाज सगळं विसरून फक्त ड्रम ऐका. इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात बँडचं काम चालू होतं. जॉन बॉनमचा ड्रमसेट जिन्याच्या तळाशी, उंच छताच्या प्रवेशदालनात मांडला आणि मायक्रोफोन वरच्या मजल्यावरून खाली सोडले. त्यामुळे प्रत्येक ठोका आधी वर चढून मग आपल्यापर्यंत येतो. हे एकदा कळलं की तो जिना ऐकू येतोच. मग मूळ गाण्याकडे जा. मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांनी १९२९ साली ते रेकॉर्ड केलं होतं, १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुराच्या आठवणीतून. दोन गिटार आणि एक आवाज, बस्स. पुढच्या रविवारी तुम्ही खुशाल लिहा, “सध्या मेम्फिस मिनी ऐकतेय.” हे खरं असेल आणि गंमत म्हणजे बहुतेकांसाठी ते नवंही असेल. दहा अल्बमांतून असे धागे धरून मागे जायचं म्हटलं, तरी वर्ष पुरणार नाही.

नवीन ऐकायचंच असेल तर याद्यांपासून लांब राहा. पन्नास नावांची यादी समोर आली की आपण अल्बम ऐकत नाही, उरकतो. एक अल्बम घ्या आणि तो आठवडाभर राहू द्या. पहिल्या ऐकण्यात आवडला नाही तरी लगेच निकाल देऊ नका. ‘विश यू वेअर हिअर’ तरी पहिल्याच फेरीत आवडला होता का? तेव्हा घरात कॅसेट मोजक्याच होत्या म्हणून आपण पुन्हा पुन्हा ऐकायचो आणि कान तयार व्हायचे. आता तेवढाच वेळ आपणहून द्यावा लागतो.

कुठून सुरुवात करायची असं विचाराल, तर मी सध्या जे ऐकतेय ते सांगते. एक म्हणजे द क्युअर या ब्रिटिश बँडचा ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’. नोव्हेंबर २०२४ मध्ये आला, सोळा वर्षांनंतरचा त्यांचा पहिला. त्यातलं पहिलं गाणं ‘अलोन’ सुरू झालं की तीन मिनिटांहून जास्त वेळ कोणी गातच नाही. पाठ टेकून बसा, घाई करू नका. गायक रॉबर्ट स्मिथचा आवाज येतो तेव्हा त्याची वाट पाहिल्याचं सार्थक होतं. दुसरा, नायजरचा, सहारातल्या तुआरेग समाजातला गिटारवादक म्दू मोक्तार याचा २०२१ चा ‘आफ्रिक व्हिक्टिम’. पहिली गिटार त्याने स्वतःच बनवली होती, सायकलच्या ब्रेकच्या तारा लावून. त्याचं वादन ऐकताना मला अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्सही आठवतो आणि वाळवंटातल्या लग्नघरांतलं नाचगाणंही समोर येतं. शब्द कळत नाहीत आणि त्याने काही अडत नाही.

मी वर ज्या पद्धतीने सांगितलं तसं तुम्ही ग्रुपवर सांगून बघा, असं मला सुचवायचं आहे. बहुतेक जण लिहितात: “अप्रतिम! मास्टरपीस! नक्की ऐका!” याने समोरच्याच्या हाती काही लागत नाही, उलट आपल्याला आवडलं नाही तर आपलंच चुकलं, असं दडपण येतं. त्याऐवजी आत शिरायला एक दार दाखवावं. कुठल्या गाण्यापासून सुरुवात करायची, त्यात कुठल्या जागी कान द्यायचा, कंटाळा कुठे येऊ शकतो आणि तरी पुढे का जायचं. पिंक फ्लॉइडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’ सगळ्यांना माहीत असतो. १९७३ साली आलेला तो अल्बम १९८८ पर्यंत अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीवर ७४१ आठवडे होता, हेही बऱ्याच जणांना पाठ असतं. पण आकडे ऐकून कुणी अल्बम लावत नाही. त्याऐवजी सांगा की ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मध्ये शब्दांशिवाय आर्त स्वर लावणारी क्लेअर टॉरी ही स्टुडिओत बोलावलेली गायिका होती, तिला तेव्हा तीस पौंड मिळाले आणि त्या गाण्याच्या रचनेत तिचाही वाटा आहे हे मान्य व्हायला २००५ साल उजाडलं. हे वाचून माणूस ते गाणं काढून ऐकतोच.

अल्बम पाठवताना एक बारीक काळजी घ्या. फोनवर शफल चालू असेल तर गाणी उलटसुलट वाजतात आणि जोडून रचलेल्या गाण्यांचा विचका होतो. २०२१ मध्ये अ‍ॅडेलच्या विनंतीवरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं शफलचं बटण मागे घेतलं होतं, इतका हा मुद्दा कलाकारांना लागतो. आणखी एक: जुन्या अल्बमांच्या नव्या आवृत्त्यांना शेवटी पाच-सहा जादा गाणी चिकटवलेली असतात. एलपीची, म्हणजे जुन्या मोठ्या रेकॉर्डची, एक बाजू वीस-बावीस मिनिटांची, त्या हिशेबाने अल्बम कुठे थांबायचा हे ठरलेलं असायचं. ‘डार्क साइड’ची पहिली बाजू क्लेअर टॉरीच्या स्वरांवर संपते, रेकॉर्ड उलटल्यावर ‘मनी’च्या नाण्यांचा खणखणाट सुरू होतो. मधला तो श्वास फोनवर मिळत नाही. मूळ आवृत्ती कुठली ते लिंकसोबत लिहा, आणि “इथे दोन मिनिटं थांबा” असंही लिहायला हरकत नाही.

ग्रुप सोडू नका, निदान आत्ता तरी. तुम्हाला प्रश्न विचारणारा तो मित्र तुमची परीक्षा घेत नव्हता. तुम्ही टाकलेलं नाव वाचून त्याला उत्सुकता वाटली. कदाचित त्याने तो अल्बम ऐकलाही असेल. इतक्या जणांत नुसता अंगठ्याचा इमोजी न टाकता प्रश्न विचारणारा तो एकटा निघाला. त्याला वेगळा मेसेज करा: “खरं सांगायचं तर मी तो ऐकला नव्हता. तुला त्यातलं काय आवडलं?” मोठी कबुली, लांबलचक स्पष्टीकरण, याची काही गरज नाही. फॉन्टेन्स डी.सी.चा २०२४ चा ‘रोमान्स’ आता निवांत ऐका, त्याच्याशी बोला. ग्रुपवर एवढंच सुचवा की दर रविवारी दहा जणांनी दहा अल्बम टाकण्याऐवजी पाळीपाळीने एकाने एक सांगावा आणि बाकीच्यांनी तो आठवडाभरात ऐकून दोन ओळी लिहाव्यात. सगळे ऐकणार नाहीत. तीन-चार जणांनी ऐकलं तरी आत्तापेक्षा गप्पा खूप जास्त रंगतील. हे करूनही तिथे फक्त कुणाला किती माहीत आहे याची चढाओढ चालणार असेल, तर मग सोडा. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

दादांचाही विषय काढते. ते आता काय ऐकतात, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. तुम्हाला माहीत आहे का? त्यांनी दिलेल्या कॅसेट्समधलं काय तुमच्याजवळ टिकलंय, हे त्यांना कधी सांगितलंत का? भावाबहिणींत या वयात आईवडिलांची औषधं, प्लॉटचे कागद, मुलांची अ‍ॅडमिशन याखेरीज बोलणं होत नाही. त्यांना फोन करा आणि कॅसेटच्या त्या दोन बाजूंबद्दल विचारा. ते दोन अल्बम एकत्र का भरले होते, ते त्यांना आठवत असेल. नसेलही, पण मग ते काहीतरी दुसरं सांगतील.

आणि आता ज्यासाठी मी हे पत्र निवडलं ते. तळाशी, सहीच्या वर तुम्ही लिहिलंय: “मुलगा सतरा वर्षांचा आहे, तो मेटल ऐकतो, ब्लडीवूड वगैरे. परवा एक इअरफोन पुढे करून ‘आई, हे ऐक’ म्हणाला. मी कामात होते, नंतर म्हटलं.”

ताई, तुम्ही तीन प्रश्न विचारलेत ते सगळे ‘मी काय सांगू’ याबद्दलचे आहेत. दुसऱ्याचं ऐकण्याबद्दल पत्रात एवढी एकच ओळ आहे. आवडते अल्बम एकमेकांना सांगणं यातला अवघड आणि आनंदाचा भाग ऐकून घेण्याचा असतो आणि तो तुमच्या घरातच, पुढे केलेल्या हातात होता. दादांनी जे तुमच्यासाठी केलं तेच तो तुमच्यासाठी करू पाहत होता, फक्त वयाचा क्रम उलटा. तो ‘नंतर’ अजून गेलेला नाही. सतरा वर्षांचा मुलगा आईला स्वतःहून पुन्हा विचारेलच असं नाही, म्हणून या वेळी तुम्ही जा. “परवा काय ऐकवत होतास?” एवढं पुरे.

ब्लडीवूड हा दिल्लीचा बँड. जड गिटारांसोबत ढोल आणि बासरी, शब्द हिंदी, पंजाबी आणि इंग्रजीतले. २०१९ मध्ये ते जर्मनीतल्या वाकन महोत्सवात वाजवून आले आणि २०२२ मध्ये त्यांचा ‘रक्षक’ आला. पहिल्या मिनिटात तुम्हाला गोंगाट वाटण्याची शक्यता आहे. ढोल धरून ठेवा, तो वाट दाखवेल. ऐकताना फोन बाजूला ठेवा, भांडी आवरता आवरता ऐकू नका. आवाज जास्त असेल तर कमी करायला सांगा, पण गाणं संपेपर्यंत मत देऊ नका. नाही आवडलं तर तसं सांगा आणि कुठली एक जागा आवडली तेही सांगा; या वयाच्या मुलांना कोरडं ‘छान आहे’ लगेच ओळखू येतं. “आमच्या वेळी” हे शब्द टाळा. झेपलिन लगेच लावायला जाऊ नका, नाहीतर त्याला वाटेल की त्याचं गाणं हे तुमच्या गाण्याचं निमित्त होतं.

काही दिवसांनी तो विचारेल, “आई, तू काय ऐकतेस?” तेव्हा काय लावायचं ते तुम्ही ठरवा. ब्रायन अ‍ॅडम्सचं माझ्या मनात आहेच. पण मी असते तर डेव्हिड गिल्मोरचा २०२४ चा ‘लक अँड स्ट्रेंज’ लावला असता. फ्लॉइडचा तुमचा गिटारवाला, तेव्हा वय अठ्ठ्याहत्तर; ‘बिट्वीन टू पॉइंट्स’ हे गाणं त्याने आपल्या मुलीला, रोमनीला गायला दिलं आहे आणि स्वतः मागे राहून गिटार वाजवली आहे.